चेहरा कुठे दाखवायचा आणि कुणाला : आमच्या कॉलेजच्या नियामक मंडळाला खुलं पत्र

सन्माननीय सदस्य, नियामक मंडळ,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेचजण मला ओळखतात. सव्वीस वर्षं मी तुमच्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, आधी ज्युनिअरला आणि मग डिग्रीला पण, आणि रिटायर होऊन आता चार वर्षं झाली. कॉलेजचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये कारण मला कॉलेजची बदनामी करायची नाहीये, मला फक्त ती नोटीस मागे घेतलेली हवीये. ऑफिसात दोनदा अर्ज दिला, दोन्हीची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही आलं नाही, म्हणून आता उघड लिहितेय.

नोटीस जूनमध्ये गेटवर लागली. त्यात लिहिलंय की कॉलेजच्या आवारात बुरखा, नकाब, हिजाब, स्कार्फ किंवा इतर कुठल्याही प्रकारे चेहरा झाकायला सक्त मनाई आहे, कारण सुरक्षितता आणि शिस्त, आणि खाली शेवटच्या ओळीत "संस्थेचे धर्मनिरपेक्ष स्वरूप". त्यानंतर पंधरा दिवसांत दोन मुली दाखला काढून घेऊन गेल्या. दोघी सायन्सच्या. एकीच्या वडलांनी खिडकीवर सांगितलं की आता घरूनच एक्स्टर्नल काहीतरी करू म्हणून, आणि सायन्स नुसतं घरी बसून होत नाही हे त्यांना बहुतेक कुणी सांगितलंच नाही. प्रॅक्टिकलशिवाय कसलं सायन्स. हे मला ज्यांच्याकडून कळलं ते पण अस्वस्थ आहेत, पण त्यांना नोकरी आहे, मला पेन्शन आहे, म्हणून मी बोलतेय.

पहिली गोष्ट म्हणजे नोटीस लिहिताना शब्दांची सरमिसळ झालीये. हिजाब चेहरा झाकतच नाही, तो डोक्याला आणि मानेला गुंडाळतात, चेहरा पूर्ण उघडा असतो. नकाबमध्ये डोळे सोडून चेहरा झाकला जातो. आणि बुरखा आपल्याकडे आपण सगळ्यालाच म्हणतो, नुसता काळा पायघोळ अंगरखा असला आणि तोंड उघडं असलं तरी. कर्नाटकात उडुपीच्या मुलींना हिजाब घालून वर्गात बसू देईनात, ते जे प्रकरण झालं ना, ते हिजाबचं होतं, नकाबचं नव्हतं. तिथे ५ फेब्रुवारी २०२२ ला सरकारी आदेश निघाला, १५ मार्चला कर्नाटक हायकोर्टाने तो योग्य ठरवला, आणि १३ ऑक्टोबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी ठेवायची म्हटलं आणि न्या. सुधांशु धुलिया यांनी मुलीची निवड आणि तिचं शिक्षण पुढे ठेवलं, म्हणून ते मोठ्या खंडपीठाकडे पाठवलं गेलं. म्हणजे "कोर्टाने बंदी मान्य केलीये" असं जे आपल्याकडे मीटिंगमध्ये म्हटलं गेलं ते अर्धंच आहे.

आणि जवळचंच उदाहरण हवं असेल तर चेंबूरच्या कॉलेजचं घ्या. तिथल्या ड्रेसकोडविरुद्ध मुली कोर्टात गेल्या, मुंबई हायकोर्टाने जून २०२४ मध्ये त्यांची याचिका फेटाळली, पण ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने हिजाब, टोपी, बॅज यांच्यावरच्या बंदीला स्थगिती दिली. आणि त्याच आदेशात वर्गात बुरखा घालता येणार नाही हेही सांगितलं. हे मी लपवत नाहीये, मुद्दाम सांगतेय, कारण माझं म्हणणं त्याच्या बरंच जवळ आहे. वर्गात चेहरा दिसावा असं मला शिक्षिका म्हणून मनापासून वाटतं. मोल कन्सेप्ट शिकवताना कुणाला समजलंय आणि कुणी नुसती मान हलवतंय हे मला चेहऱ्यावरूनच कळायचं, आणि ज्या मुलीचा चेहरा दिसत नाही तिच्याकडून ते कळत नाही, तिचंच नुकसान होतं. पण तुमची नोटीस वर्गाची नाहीच. ती गेटची आहे, पार्किंगची आहे, लायब्ररी आणि कँटीनची आहे, आणि त्यात हिजाबही ओढून आणलाय.

आता स्कार्फ. पुण्यात राहून हा शब्द नोटिशीत कुणी घातला मला खरंच कळत नाही. या शहरात टू-व्हीलरवरची प्रत्येक दुसरी मुलगी स्कार्फ बांधून असते, ओढणी नाकावरून घेऊन मागे गाठ, वर गॉगल, हातात ते कोपरापर्यंतचे मोजे. मी स्वतः लूनापासून अॅक्टिव्हापर्यंत सगळी वर्षं तशीच आले, ऊन, धूळ, आणि स्वारगेटच्या चौकातला धूर. लेकीला ओळखायची तर गाडीच्या नंबरवरून, अशी अवस्था. २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हा अख्खं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं, आणि कोरोनात तर चेहरा उघडा ठेवला म्हणून पोलीस पावती फाडत होते. चेहरा झाकलेला माणूस दिसला की भीती वाटते, हे या शहराला तरी म्हणता येणार नाही.

नोटीस लागली त्या आठवड्यात मी लायब्ररीची पुस्तकं परत करायला आले होते आणि गेटवर जे पाहिलं ते सांगते. स्कूटरवरून एक मुलगी आली, तोंडाला स्कार्फ, वॉचमनने हात केला, ती म्हणाली काका पार्किंगमध्ये काढते, तो म्हणाला जा. तिच्यामागे पायी आलेली नकाबवाली मुलगी. तिलाही आधीच्या मुलीसारखंच म्हणायचं होतं, की आत लेडीज रूममध्ये काढते, पण तिला तिथेच, गेटवर, मुलांची रांग मागे उभी असताना काढायला लावलं. वॉचमन पुरुष. मुलं बघत होती, दोघंतिघं हसली पण. तिने काढला, खाली बघत आत गेली, आणि तिचा हात थरथरत होता, तो मी पाहिला. कापडानं नाक-तोंड दोघींचंही झाकलं होतं. एकीच्या कापडाला धर्म होता म्हणून तिला वेगळी वागणूक मिळाली, आणि तुमच्या नोटिशीत मात्र धर्मनिरपेक्ष असा शब्द आहे.

ओळख पटवण्याचा मुद्दा मी हलका समजत नाही. बँकेच्या दारावर, सराफाच्या दुकानावर "हेल्मेट व स्कार्फ काढून आत या" अशी पाटी असते आणि आपण सगळे काढतो, कुणाला राग येत नाही, कारण ते कामापुरतं असतं, तेवढ्या वेळापुरतं असतं आणि सगळ्यांना असतं. परीक्षेचंही तसंच. जानेवारी २०२५ मध्ये राज्यातल्या एका मंत्र्यांनी शिक्षणमंत्र्यांना पत्र लिहून दहावी-बारावीच्या केंद्रांवर बुरख्याला परवानगी नको अशी मागणी केली होती, तेव्हा आपल्या स्टाफरूममध्येही फार चर्चा झाली असं ऐकलं. मी बारावी बोर्डाचं सुपरव्हिजन किती वर्षं केलंय तुम्हाला माहितीये. पंचवीस मुलांचा ब्लॉक, आधी हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघायचा, बैठक क्रमांक बघायचा, मग उत्तरपत्रिकेवर सही. नकाबवाली मुलगी असली की मी किंवा दुसरी एखादी मॅडम तिला दाराशी बाजूला घ्यायची, ती नकाब वर करायची, कान पण दाखवायची म्हणजे ब्लूटूथचा प्रश्न मिटला, अर्धा मिनिट लागायचा, जास्त नाही. इतक्या वर्षांत एकाही मुलीने मला "नाही दाखवणार" म्हटलं नाही. एकीनेही नाही. कॉप्या मी पकडल्या त्या कंपासपेटीत, बाहीच्या दुमडीत, सॉक्समध्ये, आणि त्यातली बहुतेक मुलं होती. मतदान केंद्रावरही महिला कर्मचारी असंच चेहरा बघून ओळख पटवते. आपल्या देशाने ही सोय फार पूर्वीच करून ठेवलेली आहे, नवीन काही शोधायचं नाहीये.

लॅबचं वेगळं आहे आणि तिथे मी कडक होते, आजही असते. बर्नर पेटलेला असताना कुठलंही लोंबतं कापड चालणार नाही, ओढणी असो, पदर असो, नकाब असो, सैल केस असोत. एकदा एका मुलीच्या ओढणीचं टोक पेटलं होतं, लॅबमधल्या मामांनी हाताने विझवलं, त्यांच्या तळव्याला फोड आले. त्या दिवसापासून नियम एकच, सगळं आत खोचा नाहीतर काढून ठेवा. आणि याच लॅबमध्ये मला ती मुलगी भेटली जिच्यामुळे मी हे पत्र लिहितेय असं म्हटलं तरी चालेल.

कोंढव्याहून यायची, दोन बस बदलून. अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला दारात उभी राहिली, नकाब घालून, आत येईना. मी म्हटलं काय झालं, तर हळूच विचारते, मॅडम बॅचमध्ये मुलं आहेत का. होती, चार. मी तिला सांगितलं की बर्नरजवळ हे कापड मी चालू देणार नाही, त्यात धर्माचा काही संबंध नाही, तू जळशील. ती गेली, मला वाटलं संपलं, आता येत नाही. दहा मिनिटांनी आली, नकाब काढून, घडी करून अॅप्रनच्या खिशात, डोक्याला हिजाब घट्ट आणि टोकं आत खोचलेली. त्या दिवशी टायट्रेशन होतं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडत रंग बदलतो तो नेमका क्षण, एंड पॉइंट, पकडायचा. त्या काळी आम्ही पिपेट तोंडाने ओढायला लावायचो, आता नाही लावत आणि तेच बरोबर आहे, तर तिने सगळ्यांकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून पिपेट ओढलं आणि पहिल्याच झटक्यात रीडिंग बरोबर आणलं. फिकट गुलाबी, अगदी एक थेंब. मी इतक्या वर्षांत पहिल्या दिवशी तसा एंड पॉइंट आणलेली मुलं मोजकीच पाहिली.

पुढे तिने मला सांगितलं की घरून अट होती. झाकून जाशील तर जा. ती अट तिला आवडत होती का? पहिल्या वर्षी म्हणाली आवडते, सेफ वाटतं, बसमध्ये कुणी बघत नाही. दुसऱ्या वर्षी म्हणाली, माहीत नाही मॅडम. तिसऱ्या वर्षी ती कॉलेजच्या गेटच्या आत आली की नकाब काढायची आणि जाताना घालायची, मला कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या पहिल्या दिवशी आपल्या गेटवर आताची नोटीस असती तर ती लॅबच्या दारापर्यंत पोचलीच नसती, एंड पॉइंट तर लांबच.

हे वाचून कुणी म्हणेल की मॅडम बुरख्याची बाजू घेतायत. नाही. मला नकाब आवडत नाही, कधीच आवडला नाही. बाईने चेहरा झाकायचा आणि पुरुषाने नजर आवरायची नाही हा हिशेब मला मान्य नाही. कमी वयाच्या मुलीवर घरच्यांनी तो लादला की मला चीड येते, एका पालक सभेत एका वडलांना मी तसं तोंडावर सांगितलंय, आणि त्यांनी ऐकून घेतलं, कारण मी त्यांच्या मुलीला शिकवत होते, हाकलत नव्हते. हजला गेलेल्या बाईने इहराममध्ये, म्हणजे हजच्या विधींच्या काळात, नकाब घालायचा नसतो, हे मला माझ्याच विद्यार्थिनींनी सांगितलं. इजिप्तमधल्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुख शेखनी २००९ मध्ये तिथल्या मुलींच्या वर्गात नकाबला बंदी केली होती. म्हणजे हा वाद त्यांच्या घरातसुद्धा चालू आहे आणि जुना आहे. आपल्या पुण्यातच हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, त्याआधी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला, तलाक आणि बहुपत्नीत्वाच्या विरोधात. फक्त सात बायका. त्या सात जणी स्वतःच्या पायांनी चालत गेल्या, त्यांना कुणी गेटवर अडवून सुधारलं नव्हतं.

आता फ्रान्सचं, कारण अध्यक्ष महोदय, तुम्ही स्टाफ मीटिंगमध्ये फ्रान्सचं उदाहरण दिलंत असं कळलं. तिथे ऑक्टोबर २०१० मध्ये कायदा झाला, ११ एप्रिल २०११ पासून लागू, सार्वजनिक जागी चेहरा झाकला तर १५० युरोपर्यंत दंड. त्या वेळी साडेसहा कोटींच्या त्या देशात असा पूर्ण चेहरा झाकणाऱ्या बायका सरकारी अंदाजाने सुमारे १९०० होत्या. एका तरुण मुलीने युरोपच्या मानवी हक्क कोर्टात दाद मागितली, १ जुलै २०१४ ला निकाल लागला, तिच्या विरोधात. पण निकाल काय म्हणतो ते बघा. सगळीकडे सरसकट बंदी सुरक्षेसाठी गरजेची आहे हे कोर्टाला पटलं नाही, आणि बाईच्या समानतेसाठी बंदी हेही पटलं नाही, कारण ती बाई स्वतःच तो हक्क मागत होती. टिकला तो एकच मुद्दा, एकमेकांसोबत राहायचं तर चेहरा दिसायला हवा. आणि २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने दोन फ्रेंच बायकांच्या तक्रारीवर बरोबर उलटं मत दिलं, अशा बंदीने बायका घरातच कोंडल्या जाऊ शकतात असंही म्हटलं. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ ला अशाच बंदीवर सार्वमत झालं तर ५१ टक्क्यांवर निसटतं पास झालं. म्हणजे ज्या देशांकडे बघून आपण हे करतोय तिथेही यावर एकमत नाही.

आणि फ्रान्सची धर्मनिरपेक्षता आपली नाहीच मुळी. त्यांच्याकडे १९०५ पासून सरकार आणि धर्म वेगळे, २००४ पासून सरकारी शाळेत मोठा क्रॉस नाही, पगडी नाही, हिजाब नाही, कुणाचंच काही नाही. आपल्या कॉलेजात सरस्वतीचा फोटो आहे, दसऱ्याला पाटीपूजन होतं, गणपती बसतो आणि त्याची आरती मीही म्हटलीये आणि म्हणेन. आपली घटना कलम २५ मध्ये सगळ्यांना आपापला धर्म पाळायची मुभा देते, सुव्यवस्था, नीती आणि आरोग्याच्या मर्यादेत. मला ही आपली पद्धत आवडते. पण मग ती सगळ्यांना लागू करा ना, गणपतीला आपली पद्धत आणि नकाबला फ्रान्सची, असं कसं चालेल.

इराणचं पण सांगते. १९३६ मध्ये तिथल्या शाहने फर्मान काढलं आणि पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढायला लागले, कितीतरी बायका घराबाहेर पडायच्याच बंद झाल्या. १९७९ च्या क्रांतीनंतर उलट सक्ती आली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाब नीट नाही म्हणून पकडलेली बावीस वर्षांची महसा अमिनी कोठडीत असताना मेली. आधी काढायला लावणारा पोलीस, मग घालायला लावणारा पोलीस. बाईला काय हवंय हे दोघांनीही विचारलं नाही.

आता माझ्या घरची एक गोष्ट. माझी पणजी विधवा, लाल आलवणात होती. केशवपन झालेली, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, घरात पाहुणा पुरुष आला की ती माजघरात. आजी सांगायची की तिचा चेहरा नीट कसा होता ते नातवंडांनाही आठवत नाही. आपल्या पेठांमधल्या किती घरांत हे होतं, तुमच्याही घरांत असेलच. मग ते गेलं कसं? महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. त्यांची मेहुणी पार्वतीबाई आठवले, केशवपन झालेल्या सोवळ्या विधवा, त्याच रूपात आश्रमात आल्या, तिथे काम केलं, त्याच रूपात आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. आधी केस वाढवा, मग आत या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. कितीतरी वर्षं काम केल्यावर त्यांनी स्वतःच्या मनाने केशवपन थांबवलं, समाजाची बोलणी खाल्ली, पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. कर्व्यांनी दारावर नियम लावला असता की मुंडण केलेल्या बाईला प्रवेश नाही, कारण आमची संस्था सुधारकी आहे, तर पार्वतीबाई देवरुखातल्या एखाद्या माजघरातच राहिल्या असत्या, माझ्या पणजीसारख्या. हे मी खूप वेळा मनात घोळवते, विशेषतः दाखला काढून नेलेल्या त्या दोन मुलींचं ऐकल्यापासून.

तर माझं मागणं असं आहे. नोटीस मागे घ्या. गेटवर ओळखपत्र बघायचं असेल तर जरूर बघा, सगळ्यांचं बघा, पण नकाबवाल्या मुलीचं बघायला एक बाई ठेवा, आपल्याकडे सफाईच्या मावशी आहेत, लायब्ररीतल्या ताई आहेत, पाळीपाळीने कुणीही बसेल. परीक्षेला ओळख पटवताना चेहरा दाखवायचा, लॅबमध्ये कुठलंच लोंबतं कापड नाही, वर्गात चेहरा उघडा, इतकं लेखी ठेवा आणि हे मुलींना आणि त्यांच्या आईवडलांना समोर बसवून सांगा, मी येते सांगायला. हिजाबला हात लावू नका, त्याने चेहरा झाकला जात नाही. बाकी आवारात, झाडाखाली, कँटीनमध्ये, लायब्ररीच्या रांगेत कुणी काय घालावं हे आपलं काम नाही. त्या दोन मुलींना ऑफिसमधून फोन करा, अॅडमिशन अजून बंद झालेली नसतील तर परत घ्या, आणि झाली असतील तर विद्यापीठाकडे मी स्वतः अर्ज घेऊन जाईन.

आणि ती तळमजल्यावरची लेडीज रूम. तिचं गोडाऊन झालंय हे तुम्हाला माहितीये का? जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मोडकी बाकं, मागच्या गॅदरिंगचे पडदे. पाण्याचा नळ चालू आहे पण दार अर्धंच उघडतं. एक आरसा, दहा लॉकर आणि आतून लागणारी कडी एवढं केलंत तर पार्किंगमधून येणाऱ्या स्कार्फवाल्या मुली आणि बसने येणाऱ्या नकाबवाल्या मुली दोघी तिथेच आपापली कापडं काढून ठेवतील. गठ्ठे उचलायला मी येते, माझ्या बॅचच्या तीन-चार जुन्या विद्यार्थिनी पण येतो म्हणाल्यात. येत्या शनिवारी सकाळी साडेदहाला मी ऑफिसपाशी उभी असेन, किल्ली तेवढी काढून ठेवा.

आपली,
केमिस्ट्रीच्या जुन्या मॅडम